जुना ॲम्प्लिफायर घ्यावा की घेऊ नये?

मैत्रिणींनो, मागच्या दोन अंकांत आपण उन्हाळी वाळवणांचा हिशेब मांडला. आजचा विषय वरवर पाहता पुरुषमंडळींचा वाटेल. पण पैसे घरातलेच जातात आणि वस्तूवरची धूळ आपणच पुसतो, तेव्हा विषय आपलाच म्हणायचा.

आमचं सुलतानपूर तसं लहान गाव. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना लागतं आणि लोणारच्या सरोवराला जायचा फाटा इथूनच फुटतो. गेल्या मार्चमधली गोष्ट. आमचे हे मेहकरहून आले, आणि चहा झाल्यावर स्वतःची कपबशी स्वतः विसळून ठेवली. पस्तीस वर्षांच्या संसारात अशी विसळलेली कपबशी मी चार-पाच वेळाच पाहिली आहे. म्हटलं, काहीतरी आहे.

"अगं, एक ॲम्प्लिफायर पाहिला. स्टिरिओ. चाळीसेक वर्षांपूर्वीचा असेल. साडेचार हजार म्हणतोय."

"चालू आहे?"

"लाईट लागतो."

ऐकलंत ना? लाईट लागतो! आवाज येतो का, हे विचारलं तर म्हणाले की विकणाऱ्याकडे स्पीकर नव्हता. विकणारा मंडप-लाउडस्पीकरचा धंदा करणारा. जुनं सामान मोडीत काढत होता.

आता ह्यांना हे खूळ का लागलं, तेही सांगते. आमच्या मामंजींना गाण्याचं भारी वेड. त्यांच्या चाळीसएक रेकॉर्डी घरात आहेत. प्रत्येक वेष्टनाच्या मागे शाईने तारीख आणि किंमत लिहिलेली. रेकॉर्ड फिरवायचा डेक आहे, लाकडी पेटीतले दोन स्पीकर आहेत. फक्त मधला ॲम्प्लिफायर नाही. तो एका पावसाळ्यात जवळच वीज पडली तेव्हा जळाला आणि भंगारात गेला. मामंजी गेले त्यालाही आता बारा वर्षं झाली. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत.

माझ्याकडे तेव्हा चौदा हजार बाजूला ठेवलेले होते, ते इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी. बुलढाण्याचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. मे महिन्यात रात्री वीज गेली की म्हाताऱ्या माणसाची कशी तगमग होते, ती मी आदल्या वर्षी पाहिली होती. मी फटकन म्हणाले, "तुमच्या त्या खोक्यापायी आईंनी उकाड्यात तळमळायचं का?"

हे काही बोलले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर कपाटापुढे बसून रेकॉर्डींच्या वेष्टनांवरची तारीख एकेक करून वाचत होते. मला वाईट वाटलं. माझा मुद्दा बरोबर होता, पण बोलायची रीत चुकली होती. मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो, भाजीचा हिशेब करतो तसं. त्या कागदावर जे उतरलं, तेच आज तुम्हाला सांगते. जुना ॲम्प्लिफायर असो, रेडिओ असो, नाहीतर शिवणयंत्र, हिशेब थोड्याफार फरकाने हाच.

पहिला प्रश्न : कशासाठी?

नुसती गाणी ऐकायची असतील तर सरळ सांगते, घेऊ नका. जुनी बहुतेक गाणी आज मोबाइलवर मिळतात आणि लहानसा नवा स्पीकर ह्याच पैशात येतो. त्याला दुरुस्ती नाही, धूळ नाही. पण घरात रेकॉर्डी असतील, डेक असेल, तर गोष्ट वेगळी. डेकमधून निघणारा आवाज इतका बारीक असतो, की ॲम्प्लिफायरने मोठा केल्याशिवाय तो स्पीकरला हलवूच शकत नाही. तेव्हा आमच्या घरी ॲम्प्लिफायर ही चैन खरी, पण बिनकामाची नाही, हे मी कबूल केलं.

ह्यातच आणखी एक बघायचं. स्टिरिओ म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचे आवाज वेगळे. अशा रेकॉर्डी परदेशातच १९५८ च्या सुमारास बाजारात आल्या. त्याआधीच्या जवळजवळ सगळ्या रेकॉर्डी एकेरी, म्हणजे मोनो. आपल्याकडे तर त्यानंतरही बरीच वर्षं मोनो रेकॉर्डी निघत होत्या. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला गीतरामायण सुरू झालं, तो काळही मोनोचाच. वेष्टनावर बहुधा छापलेलं असतं. आमच्या चाळीसांपैकी एकतीस मोनो निघाल्या. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

दुसरा प्रश्न : दुरुस्त कोण करणार?

मैत्रिणींनो, आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आधी मेकॅनिक शोधा, मग यंत्र शोधा. आपण उलटं करतो. वस्तू घरी आणतो आणि मग ती पिशवीत घालून गावोगाव हिंडतो. मोबाइल दुरुस्त करणारी पोरं आज चौकाचौकात आहेत, पण जुना ॲम्प्लिफायर उघडून त्यातला दोष हुडकणारा माणूस तालुक्यात एखादाच उरलाय, तोही साठीच्या पुढचा.

आम्हाला मेहकरमध्ये असे एक रेडिओकाका सापडले. त्यांनी पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाकलं. "बाई, मशीन घ्याले सस्तं असते, जगवाले महाग. आधी मले दाखवा, मंग पैसे द्या."

विकणारा जर 'आधी दाखवायला नेऊ देणार नाही' म्हणाला, तर नमस्कार करून परत यावं. त्याला ठाऊक असतं, म्हणूनच तो देत नाही.

तिसरा प्रश्न : बघायचं काय?

काकांनी आम्हाला जे जे दाखवलं, ते मी पदराला गाठ मारून आणलंय.

मागच्या बाजूची पट्टी वाचा. आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज असते. कुणी परदेशातून आणलेला सेट असेल तर त्यावर वेगळा आकडा असू शकतो. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० ची. तसला सेट सरळ आपल्या भिंतीत लावला की संपलाच. काही सेटना मागे व्होल्टेज बदलायचं बटण असतं, तेही योग्य जागी आहे ना ते पाहावं.

वास घ्या. हसू नका. ट्रान्सफॉर्मर जळलेला असेल तर जळक्या रोगणाचा वास वर्षानुवर्षं जात नाही. ट्रान्सफॉर्मर हा ह्यातला सर्वांत जड आणि महागातला भाग. तो गेला असेल तर यंत्र सोडून द्यावं.

झाकण मेकॅनिककडूनच उघडून घ्या. आत गोल डब्यांसारखे कंडेन्सर असतात. त्यांचं डोकं फुगलेलं असेल, बुडाशी चिकट पाझरलेलं असेल, तर ते बदलावे लागतात. चाळीस वर्षांत ते आतून वाळतातच, त्यात नवल नाही, आणि ते फार महागही नसतात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, गंज, काळी पडलेली पट्टी हे मात्र वाईट. सर्वांत वाईट म्हणजे फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तांब्याची तार. याचा अर्थ, फ्यूज वारंवार जात होता आणि कुणीतरी रोग बरा करण्याऐवजी वैद्यालाच घराबाहेर काढलं!

आणि एक इशारा. प्लग काढला म्हणून आत बोट घालू नये. मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज नंतरही साठून राहते आणि चांगला झटका बसतो. पोराबाळांच्या घरात तर झाकण कधीच उघडं ठेवू नये.

सरळ भिंतीत प्लग लावू नका. बरीच वर्षं बंद असलेलं यंत्र मेकॅनिक आधी सिरीज बोर्डावर लावतो. म्हणजे विजेच्या वाटेत एक जुन्या पद्धतीचा, तारेचा १०० वॉटचा बल्ब असतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्क पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. ते नुकसान बल्बावर जातं, यंत्र वाचतं. एलईडीचा दिवा ह्या कामाला चालत नाही. पहिल्या वेळी चांगला स्पीकरही जोडू नये, टाकाऊ जोडावा. कारण आतला एखादा भाग गेलेला असेल तर स्पीकरही जळतो.

मग आवाज ऐका. गाणं नसताना 'घूंऽऽ' असा गुणगुणाट येत असेल तर बहुधा कंडेन्सर वाळलेत. आवाजाची कळ फिरवताना खरखर होत असेल तर नुसती धूळ, साफ केली की जाते. एक बाजू मुकी असेल तर कारण साधं बटणही असेल, नाहीतर मोठंही. ते कळेपर्यंत किंमत ठरवू नये.

वॉटच्या आकड्याला भुलू नका. खोक्यावर हजारात लिहिलेला 'पीएमपीओ' आकडा निव्वळ जाहिरातीचा. 'आरएमएस' आकडा विचारावा. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा-वीस वॉट पुष्कळ होतात. स्पीकरच्या मागचा ओहमचा आकडाही ॲम्प्लिफायरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी नसावा.

आणि मंडपवाल्याकडून घेताना हे विचाराच, की यंत्र घरगुती आहे की सभेचं? आपल्याकडे दिल्लीच्या आहुजा कंपनीचं नाव १९४० सालापासून सभा-समारंभांशी जोडलेलं आहे, तर कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून घरात गाणी ऐकायच्या यंत्रांसाठी ओळखली जाते. दोन्ही आपापल्या जागी योग्य. पण कर्ण्यांसाठी केलेला ॲम्प्लिफायर दिवाणखान्यातल्या गाण्याला आणू नये.

चौथा प्रश्न : एकूण किती?

इथे आपण बायका हुशार. साडीची किंमत म्हणजे साडी, फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई, हे आपल्याला सांगावं लागत नाही. मग यंत्राच्या बाबतीत नुसता विकणाऱ्याचा आकडा का धरायचा? आम्ही ठरवलं की खरेदी, दुरुस्ती, नवी वायर आणि डेकची नवी सुई धरून चार हजारांच्या वर जायचं नाही. (सुई झिजलेली असेल तर रेकॉर्ड खरवडली जाते. ती आधी बदलावी.) आणि बॅटरीच्या पैशाला हात लावायचा नाही.

"तोवर दुसरा कुणी घेऊन गेला तर?" हे म्हणाले.

"गेला तर गेला," मी म्हणाले. मनातून मलाही धाकधूक होतीच. पण एप्रिलमध्ये बॅटरी आली. मे महिन्यात सासूबाईंच्या डोक्यावरचा पंखा रात्रभर फिरला. ह्यांनी आपला चहा-पानाचा खर्च आवरून तीन महिने पैसे साठवले, तेही कुरकुर न करता. आषाढात पुन्हा मेहकरला गेलो, तर खोकं तिथेच, वर चार बोटं धूळ. मंडपवाल्याला जागा हवी होती. साडेचार हजारांचे बावीसशे झाले, आणि तेही काकांकडे तपासून मगच.

जुन्या वस्तूच्या मागे रांग लागलेली नसते, बायांनो. 'आजच घ्या' असं म्हणणारा आपल्याला घाई करत असतो, वस्तूला घाई नसते.

तपासणीत ट्रान्सफॉर्मर चांगला निघाला. उजवी बाजू थोड्या गुणगुणाटासह वाजली. डावी मुकी. दोन्ही बाजूंना दोन वेगवेगळ्या आयसी होत्या, 'एसटीके' नावाच्या जातीच्या. त्यातली डावी गेलेली. काका म्हणाले, "दुसरी मागवून देतो, पन असली भेटंल याचा भरोसा नाही. डुप्लिकेट टाकली त सहा महिन्यात जाईल, अन् जाताना स्पीकर बी घेऊन जाईल."

ह्यांचा चेहरा उतरला. स्टिरिओ म्हणून हौसेने निवडलेलं यंत्र, आणि एकच बाजू! पुण्याला भाचा आहे, तो बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी करून आला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही त्याने फोन केले. आयसी मिळत होती, पण असलीची खात्री कुणी देईना, आणि किंमत आमच्या चार हजारांच्या रेषेपलीकडे जात होती.

तेव्हा तो एकतीसचा आकडा कामी आला. मी म्हटलं, "अहो, आपल्या एकतीस रेकॉर्डी मोनोच आहेत ना? मग दुसरी बाजू वाजून वेगळं काय ऐकू येणार?" काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं 'मोनो' लिहिलेलं बटण दाबून दाखवलं. ते दाबलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होतो आणि चालू असलेल्या बाजूतून सगळं गाणं येतं. उरलेल्या नऊ स्टिरिओ रेकॉर्डीही अशा ऐकता येतात. डावी-उजवी वेगळी कळत नाही एवढंच. खराब आयसी काकांनी काढूनच टाकली, म्हणजे पुढे धोका नको.

हिशेब असा झाला. यंत्र २,२०० रुपये. कंडेन्सर ४५०. अर्थिंगसकट तीन पिनांची नवी वायर आणि फ्यूजची जागा २५०. कळांची सफाई १००. मजुरी ६००. डेकची सुई ३५०. एकूण ३,९५०. रेषेच्या आत पन्नास रुपये राहिले, त्याची आम्ही दोघांनी मेहकरच्या स्टँडवर भजी खाल्ली.

घरी आणल्यावर खोकं कपाटात कोंबलं नाही. ॲम्प्लिफायर तापतो, त्याला वर आणि मागे मोकळी हवा लागते. वर क्रोशाचा रुमाल घालून झरोके झाकू नयेत, मोह झाला तरी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी लावावा, ओल धरत नाही. आकाश गडगडू लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवायचा. आमचा पहिला त्यातच गेला होता.

पहिल्या संध्याकाळी ह्यांनी सासूबाईंना खुर्चीत बसवलं, वेष्टनामागची तारीख वाचून दाखवली आणि रेकॉर्ड लावली. मग जरा ओशाळून म्हणाले, "आई, एकाच बाजूने वाजतो बरं का. दुसरी बाजू गेलेली आहे."

सासूबाई म्हणाल्या, "मले तरी कुठं दोन्ही कानानं आयकू येते?"

आणि हात करून म्हणाल्या, स्पीकर इकडून उचलून तिकडे, चांगल्या कानाकडे ठेव. ह्यांनी ठेवला. ती बाजू संपल्यावर रेकॉर्ड उलटून लावायला त्यांनी मला बोलावलं. मामंजींच्या वेळी ते काम सासूबाईंचं असायचं म्हणे. हे मला पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणी असलं खोकं आणायचं म्हणू लागलं, तर माझ्यासारखं फटकन 'नाही' म्हणू नका आणि लगेच 'हो'ही म्हणू नका. कागद घ्या. कशासाठी, दुरुस्त कोण करणार, आत काय आहे, एकूण किती, ही चार उत्तरं लिहा. घरातली जास्त गरजेची वस्तू आधी आणा. त्यातूनही इच्छा उरली, तर ती खरी इच्छा. मग ती पुरवावी. आणि सगळंच्या सगळं दुरुस्त झालं पाहिजे हा हट्ट नको. आपल्याला लागतं तेवढं नीट चाललं, की पुरे.

पुढच्या अंकात गौरी-गणपतीच्या आधीची घराची झाडलोट आणि पितळी भांड्यांची सफाई पाहू. चिंच-मीठ की राखुंडी, यावर तुमचं काय मत आहे, ते जरूर लिहा.